जन्मवेळ कुणाच्या घड्याळातली?

आमच्या वस्तीतल्या विहारात बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्याची तयारी सुरू होती. फॉर्म छापायला टाकायचा म्हणून कुणीतरी मागच्या वर्षीचा नमुना काढला. नाव, शिक्षण, नोकरी, उंची झाल्यावर त्यात चार रकाने होते : जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाड. मी विचारले, हे कशासाठी? मेळाव्याचे काम वर्षानुवर्षे पाहणारे काका म्हणाले, "आपण नाही मानत ना भाऊ, पण समोरचे विचारतात. ज्याला भरायचं तो भरेल, नाही तर सोडून देईल." बाजूला यादी लिहीत बसलेली एक ताई, एम.एस्सी. झालेली, मान वर न करता म्हणाली, "काका, माझं दोन ठिकाणी याच रकान्यावरून मोडलं. मंगळ निघाला म्हणे. आणि माझी जन्मवेळ आईनं अंदाजानं सांगितलेली आहे."

कुणी काही बोलले नाही. पण ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवले होते. आपण कार्यकर्ते ज्योतिषावर बोलताना ग्रहांपासून सुरुवात करतो : शनी किती दूर आहे, त्याचा माणसाच्या नोकरीशी काय संबंध, राहू-केतू हे ग्रह आहेत तरी का. हे सगळे बरोबरच आहे. पण समोरचा माणूस खगोलशास्त्रात अडकत नाही, तो म्हणतो "आम्हाला अनुभव आला". त्याला त्याच्याही आधीचा, अगदी साधा प्रश्न विचारायला हवा. तुमची कुंडली ज्या एका आकड्यावर उभी आहे, तो आकडा कुणी, कधी, कोणत्या घड्याळात पाहून लिहिला?

वेळेला एवढे महत्त्व का?

हे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद करू नये, म्हणून थोडा हिशेब.

मूल जन्मते त्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते, राशी बारा, म्हणजे सरासरी दोन तासांनी लग्नरास बदलते. अंशात सांगायचे तर एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. कुंडलीतली बारा घरे, म्हणजे धन, भावंडे, संतती, विवाह, आयुष्य वगैरे, या लग्नापासून मोजतात. मंगळ, गुरू, शनी हे दिवसभरात जवळपास जागच्या जागी असतात. त्यामुळे एकाच दिवशी एकाच दवाखान्यात जन्मलेल्या दोन बाळांच्या कुंडल्या वेगळ्या येतात त्या मुख्यतः वेळेमुळे. वेळ काढून घेतली तर ज्योतिषाच्या हाती त्या दिवशीच्या सगळ्या बाळांसाठी जवळपास एकच कुंडली उरते.

बरे, दोन तासांवर ते थांबत नाहीत. विवाहासाठी नवमांश कुंडली पाहतात. त्यात राशीचे नऊ भाग करतात, म्हणजे लग्नाचा नवमांश साधारण १३ मिनिटांनी बदलतो. षष्ठ्यंशात साठ भाग, म्हणजे दोन मिनिटे. कृष्णमूर्ती पद्धतीत नक्षत्राचेही असमान तुकडे करतात, आणि त्यातला सर्वात लहान तुकडा लग्न तीन मिनिटांच्या आत ओलांडते.

'तुमचे लग्न अमुक महिन्यांत होईल' हे सांगायला महादशा लागते. विंशोत्तरी पद्धतीत १२० वर्षांचे चक्र असते आणि ते जन्मवेळी चंद्र नक्षत्रात किती पुढे गेला होता यावर सुरू होते. चंद्र ताशी साधारण अर्धा अंश चालतो, नक्षत्र १३ अंश २० कलांचे. भरणी, पूर्वा किंवा पूर्वाषाढा नक्षत्रावर जन्मलेल्याची सुरुवात शुक्राच्या २० वर्षांच्या दशेने होते. त्याची जन्मवेळ एक तासाने चुकली, तर दशा बदलण्याची तारीख सुमारे दहा महिन्यांनी सरकते. पाव तासाने चुकली तरी अडीच महिने. आणि पुढच्या सगळ्या दशा तेवढ्याच सरकतात, जन्मभर. म्हणजे 'मार्च ते मे या काळात योग आहे' असे सांगणारा ज्योतिषी, त्याला कळो वा न कळो, असा दावा करत असतो की या माणसाची जन्मवेळ पाव तासापेक्षाही बिनचूक नोंदलेली आहे.

आता ती खरेच तशी नोंदली जाते का ते पाहू.

आधी बाळ, मग घड्याळ

मुळात जन्म कोणत्या क्षणी झाला असे धरायचे? डोके दिसले तेव्हा, बाळ पूर्ण बाहेर आले तेव्हा, पहिल्यांदा रडले तेव्हा, की नाळ कापली तेव्हा? यावर ज्योतिषांचे स्वतःचेच एकमत नाही. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या क्षणात काही मिनिटांचे अंतर सहज पडू शकते, आणि वर पाहिलेला हिशेब तर दोन-तीन मिनिटांवर चालतो.

माझ्या बहिणीची डिलिव्हरी एका खासगी दवाखान्यात झाली. मी बाहेर बाकावर होतो. सिस्टरने दार उघडून मुलगी झाल्याचे सांगितले तेव्हा मी मोबाईल पाहिला : ४ वाजून २६ मिनिटे. दुसऱ्या दिवशी कुतूहल म्हणून विचारले तर रजिस्टरमध्ये ४.१० लिहिलेले होते. घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड पाहिले, त्यावर ४.२०. बहिणीच्या सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना 'सव्वाचार' सांगून टाकले होते. एका बाळाच्या चार वेळा. यात दवाखान्याची चूक मी म्हणणार नाही. प्रसूतिकक्षात वर्षे काढलेल्या ओळखीच्या एका सिस्टरला मी हे सांगितले तर ती हसली. म्हणाली, "बाळ रडलं नाही तर घड्याळाकडे कोण बघतं? आधी बाळ, मग आई, मग घड्याळ."

बाळ पुसायचे, श्वास तपासायचा, एका मिनिटाला आणि पाच मिनिटांना त्याची स्थिती नोंदवायची, आईचा रक्तस्राव पाहायचा. हे सगळे झाल्यावर कुणीतरी भिंतीकडे पाहून वेळ लिहिते, तीही बहुधा शून्य किंवा पाचाने संपणारी. त्या भिंतीवरचे घड्याळ आणि रजिस्टर लिहिणारीचे मनगटी घड्याळ जुळलेले असेल असेही नाही. दवाखान्याला एवढी अचूकता पुरते. बाळाला दूध कधी पाजले, कावीळ किती तासांनी दिसली हे मोजायला पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. नोंद वैद्यकीय कामासाठी केलेली असते आणि त्या कामाला ती योग्यच असते. तिच्यावर नवमांश आणि षष्ठ्यंश उभारा असे त्या सिस्टरने कुणालाही सांगितलेले नाही.

सरकारी नोंद पाहावी तर ती मदत करत नाही. आपल्याकडच्या जन्म प्रमाणपत्रावर तारीख असते, ठिकाण असते, आईवडिलांची नावे असतात. वेळ नसते. घरात असेल ते काढून पाहा. स्कॉटलंडसारख्या काही देशांत जन्माची वेळ सरकारी नोंदीत लिहितात, तिथे १८५५ पासून ती लिहिली जाते. भारतात ती जबाबदारी शेवटी आईच्या आठवणीवर येते. प्रसूतीच्या कळा सोसून थकलेल्या बाईने, वीस-पंचवीस वर्षांनी, मुलीच्या लग्नाच्या वेळी, कुणीतरी विचारल्यावर आठवून सांगितलेली वेळ.

भोंगा, कोंबडा आणि १ जून

ही झाली दवाखान्यात जन्मलेल्यांची गोष्ट. आपल्या आधीच्या पिढ्यांकडे पाहा. माझी आजी वडिलांच्या जन्माबद्दल एवढेच सांगायची, "एम्प्रेस मिलचा पह्यला भोंगा झाला अन् तुया बाप झाला." नागपुरात त्या भोंग्यावर कित्येक घरांची घड्याळे चालत. खेड्यात कोंबडा आरवला तेव्हा, गुरे सुटली तेव्हा, दिवे लागले तेव्हा. आणि तारखेचे म्हणाल तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही कार्यालयात जुन्या कर्मचाऱ्यांची यादी काढा. १ जून ही जन्मतारीख असलेले लोक इतके निघतील की वाटावे, महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अदमासे धरून १ जून लिहून टाकला, तोच पुढे पेन्शनपर्यंत चालला. ज्यांच्या जन्माचे वर्षसुद्धा अदमासाचे, त्यांच्या मुलानातवंडांना आज कुणी 'तुमच्या घराण्यात पत्रिका पाहण्याची पद्धत आहे' असे सांगितले तर त्यांनी हसावे की रागवावे?

एक चूक मात्र शिकलेल्या घरांतही होते आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सोमवारी रात्री झोपलो आणि दोन वाजता बाळ झाले, तर आपली आजी म्हणते 'सोमवारच्या रात्री'. जुन्या पद्धतीत सूर्योदयापर्यंत सोमवारच चालतो. कॅलेंडरप्रमाणे मात्र तो मंगळवार लागलेला असतो. घरात सांगताना 'सोमवार, रात्री दोन' सांगितले आणि संगणकात सोमवारची तारीख व पहाटेचे दोन भरले, की जन्म थेट २४ तास मागे जातो. एवढ्या वेळात चंद्र जवळपास एक पूर्ण नक्षत्र चालतो. नक्षत्र बदलले की गण बदलू शकतो आणि नाडही बदलू शकते. छत्तीस गुणांपैकी आठ गुण एकट्या नाडीचे असतात. एका 'रात्री' या शब्दावर स्थळ फिसकटते.

घड्याळे तरी एक होती का?

भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. पण मुंबईने ती लगेच स्वीकारली नाही. तिथे 'मुंबई टाइम' म्हणून वेगळी वेळ चालू राहिली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. रेल्वेचे घड्याळ एक दाखवी, शहरातले दुसरे. त्यात दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशातली घड्याळे एक तास पुढे केली होती. आता १९४३ साली परळच्या चाळीत 'सकाळी आठ वाजता' जन्मलेल्या मुलाची खरी वेळ कोणती? तीन उत्तरे निघतात, आणि त्यातल्या पहिल्या व शेवटच्या उत्तरात दीड तासाहून जास्त फरक आहे. लग्नरासच पालटू शकते.

ज्योतिषाच्या पुस्तकांत पुरावा म्हणून थोरामोठ्यांच्या कुंडल्या छापतात, त्या बहुतेक याच काळातल्या किंवा त्याआधीच्या माणसांच्या. उद्या कुणी बाबासाहेबांची कुंडली म्हणून एखादा कागद पुढे केला, तर वाद न घालता एवढेच विचारा : १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत सुभेदारांच्या घरी कोणते घड्याळ होते, ते कोणत्या वेळेला लावले होते आणि मिनिटे कुणी लिहून ठेवली? भारताला तेव्हा एकच अशी प्रमाणवेळ मिळालेलीच नव्हती.

समजा वेळ अगदी सेकंदापर्यंत बरोबर मिळाली. तरीही राशीचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची यावर पंचांगांचे एकमत नाही. आपल्याच महाराष्ट्रात टिळक पंचांगाचा आरंभबिंदू इतर प्रचलित पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा आहे. चार अंश म्हणजे लग्नाच्या हिशेबात सोळा मिनिटे, आणि चंद्राच्या हिशेबात सात तासांहून अधिक. नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणून दर दहा माणसांतल्या साधारण तिघांचे नक्षत्र पंचांग बदलताच बदलते. वेळ तीच, बाळ तेच.

ताईंचा मंगळ

आता मेळाव्यातल्या ताईंकडे येऊ, कारण या सगळ्याची किंमत त्या मोजत आहेत.

मंगळ लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की 'मंगळ आहे' म्हणतात. बारांपैकी पाच घरे. म्हणजे शंभरातल्या जवळपास बेचाळीस मुलामुलींना मंगळ असणारच, त्यात कुणाचे नशीब नाही, साधे गणित आहे. मंगळ स्वतः त्या दिवशी एकाच राशीत बसलेला असतो. फिरते ते लग्न. म्हणून कोणत्याही एका दिवसाचे साधारण दहा तास 'मंगळवाले' आणि चौदा तास 'बिनमंगळाचे' असतात. हे दहा तास सलग नसतात. बारावे व पहिले घर मिळून एक पट्टा, चौथ्याचा एक, सातवे व आठवे मिळून एक, असे तीन पट्टे. तीन पट्ट्यांना सहा कडा. म्हणजे दिवसातून सहा वेळा असा क्षण येतो की त्याच्या एका बाजूला जन्मलेल्या मुलीला मंगळ आहे आणि दुसऱ्या बाजूला जन्मलेलीला नाही.

जन्मवेळेत पाव तासाची चूक धरा. माझ्या भाचीच्या बाबतीत एका दिवसात तेवढी चूक झाली होती, तेव्हा ही काही अतिशयोक्ती नाही. प्रत्येक कडेच्या अलीकडे पंधरा आणि पलीकडे पंधरा मिनिटे, अशी सहा वेळा अर्धा-अर्धा तास, एकूण तीन तास. चोवीसातले तीन. म्हणजे दर आठ मुलामुलींपैकी एकाची जन्मवेळ अशा जागी असते, जिथे पाव तासाच्या चुकीने मंगळ चिकटू शकतो किंवा निघून जाऊ शकतो. ताईंच्या आईने तर वेळ तासाच्या अंदाजाने सांगितली आहे. त्यांच्या पत्रिकेतल्या मंगळाबद्दल खात्रीने काही बोलणे, ज्योतिषाचे सगळे नियम मान्य करूनही, शक्य नाही. तरी दोन घरांनी त्यांना नकार दिला.

आणि नकार मुलीलाच जास्त बसतो. मुलाला मंगळ असला तर शांती करून भागते, नाही तर पत्रिकाच 'नीट करून' मिळते. वेळ थोडी मागेपुढे करून मंगळ काढून टाकणारे आहेत हे पत्रिका पाहणाऱ्या घरांनाही ठाऊक असते. म्हणजे ज्यांनी हा रकाना पवित्र मानला, तेच तो गरजेप्रमाणे खोडतात.

"वेळ चुकली असेल"

भविष्य खोटे ठरले की ज्योतिषी काय म्हणतो? 'तुमची जन्मवेळ बरोबर नसेल.' हे ऐकून माणूस गप्प होतो, कारण वेळ खरेच पक्की नसते. पण जरा थांबून विचार करा. भविष्य खरे ठरले तेव्हा कुणी वेळ तपासली होती का? चुकीच्या वेळेवर काढलेली कुंडली चुकीची असेल, तर तिच्यावरून सांगितलेले जे खरे निघाले ते कशामुळे निघाले? जन्मवेळा सर्रास चुकीच्या असतात हे मान्य केले, की आजवरचे सगळे 'आलेले अनुभव' चुकीच्या कुंडल्यांवर आलेले ठरतात. म्हणजे त्या अनुभवांचा कुंडलीशी संबंध नव्हता. आणि वेळ चुकली तरी फारसे बिघडत नाही असे म्हटले, तर लग्न, नवमांश, महादशा हा सगळा पसारा कशासाठी? दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी येतो.

यावर त्यांच्याकडे एक उपाय असतो, जन्मवेळ शुद्धी. तुमचे शिक्षण कधी संपले, वडील कधी वारले, नोकरी कधी लागली हे विचारायचे आणि या घटना जुळतील अशी वेळ उलट्या हिशेबाने काढायची. झालेल्या घटनांना जुळवून कुंडली बसवायची आणि मग कुंडली घटनांशी कशी जुळते हे दाखवायचे. आधी भिंतीवर बाण मारून मग त्याभोवती गोल काढणाऱ्याचा नेम कधी चुकत नाही. गंमत म्हणजे एकाच माणसासाठी दोन ज्योतिषांनी 'शुद्ध' केलेली वेळ सारखी येते का, एवढी साधी परीक्षासुद्धा कुणी घेऊ शकतो. पुढच्या वेळी कुणी शुद्धीचा सल्ला दिला तर दोघांकडे जा, एकमेकांना न सांगता.

फ्रान्समध्ये जन्माची वेळ सरकारी नोंदीत असते. मिशेल गोकलँ या संशोधकाने तिथल्या नोंदी गोळा करून १९५५ पासून असा दावा मांडला की नामवंत खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ विशिष्ट जागी जास्त वेळा आढळतो. त्यावर दशकानुदशके वाद झाला. २००२ मध्ये जेफ्री डीन यांनी त्यावर एक वेगळेच स्पष्टीकरण सुचवले : जुन्या काळी जन्माची वर्दी आईवडीलच देत, आणि शुभ-अशुभ मानणारे पालक सोयीची वेळ किंवा तारीख सांगत, त्यामुळे नोंदींतच कल शिरला. हे सगळ्यांना पटले असे नाही. पण पत्रिका 'नीट करून' घेणारी घरे पाहिलेल्या आपल्याला ते नवल वाटू नये.

आपल्याकडची चाचणी तर जवळचीच आहे, पुण्याची. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ती केली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे मुलांच्या कुंडल्या तयार केल्या. ज्योतिषांना नावे न सांगता प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि विचारले, यातले मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगा. सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी सुमारे शंभर आली असती. २००९ मध्ये हे निष्कर्ष 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या चाचणीवर 'मुलांच्या जन्मवेळा बिनचूक असतील कशावरून' असा आक्षेप घेता येतो, आणि तो कुणी घेतला तर रागावू नका. त्याला म्हणा, मान्य. मग याच दवाखान्यांतून, याच आयांकडून आलेली वेळ घेऊन तुम्ही दक्षिणा घेता तेव्हा हा प्रश्न कुठे जातो?

बुद्धांच्या काळी ही वेळ होतीच कुठे?

आपल्यातलेच काही जण म्हणतात की सिद्धार्थाच्या जन्मानंतरही असित मुनींनी भविष्य सांगितले होते. कथेत असित बाळाच्या अंगावरची लक्षणे पाहतात, कुंडली मांडत नाहीत. मांडणार कशी? बारा राशी, लग्न, बारा घरे हे तंत्र ग्रीकांशी संपर्क आल्यावर, बुद्धांनंतर कित्येक शतकांनी भारतात रुजले. 'होरा', 'केंद्र' हे शब्दच ग्रीकमधून आलेले आहेत. बुद्धकाळात लोक नक्षत्र पाहत, मुहूर्त पाहत, ग्रहणांवरून भाकिते करत. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात अशा विद्यांवर पोट भरण्याला हीन उपजीविका म्हटले आहे आणि त्यांची भली मोठी यादी दिली आहे.

जातककथांत एक नक्खत्त जातक आहे. लग्न ठरलेले, दिवस ठरलेला. वरपक्षाने कुलगुरू आजीवकाला आयत्या वेळी विचारले. मला आधी विचारले नाही म्हणून त्याला राग आला आणि त्याने आजचे नक्षत्र वाईट आहे असे ठोकून दिले. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहिली आणि तिचे लग्न दुसऱ्याशी लावून टाकले. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोहोचले ते भांडायलाच. या कथेतला ज्योतिषी आकाशाकडे पाहतसुद्धा नाही, त्याला फक्त मानपान कमी पडलेला असतो. आपल्या ताईंना नकार देणाऱ्या घरांनी कोणत्या कारणासाठी पत्रिकेचे नाव पुढे केले असेल, कुणास ठाऊक. नको असलेले स्थळ न दुखावता टाळायला पत्रिकेसारखे सोयीचे कारण नाही.

त्या दिवशी बैठक लांबली. शेवटी काकांनीच पेन घेऊन चारही रकान्यांवर रेघ मारली. पण एक बाई म्हणाल्या, "नाड तरी राहू द्या, ते रक्ताचं असते ना." नाडीचा रक्ताशी संबंध नाही, ती नक्षत्रावरून काढतात, हे समजावता समजावता आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एका भावाने सिकलसेलचा विषय काढला. विदर्भात आपल्या समाजात हा आजार आहे हे आपण सगळे जाणतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेल होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, पण लग्नाआधी दोघांना ते ठाऊक असले पाहिजे, आणि त्यासाठी कुणाच्या आठवणीतली वेळ लागत नाही, रक्ताची एक तपासणी लागते.

ती माहिती फॉर्मवर छापावी की दोन कुटुंबांनी आपसात बोलावी, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. छापली तर उद्या तिचाच नवा मंगळ होईल, अशी भीती ताईंनी बोलून दाखवली. तूर्त मेळाव्याच्या दिवशी विहारातच तपासणी ठेवायची आणि अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, एवढे ठरले आहे.